महाप्रस्थानिक पर्व, आणि आमच्या गेटवरचा मोती



आज पोस्टला उशीर झाला, माफ करा. एरवी सकाळी ऑफिसचा लॅपटॉप उघडायच्या आधी लिहून टाकतो, आज रात्रीचे साडेअकरा वाजलेत. कारण पुढे येईलच.

आजचं वाचन महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. अठरा पर्वांतलं सगळ्यात छोटं, तीनच अध्यायांचं. ठाण्याला लोकलमध्ये चढलात आणि खिडकी मिळाली (मिळत नाही, पण समजा) तर घाटकोपर यायच्या आत वाचून होतं. कथा सगळ्यांना माहीत असते. पांडव हिमालयाकडे निघतात, वाटेत एकेक जण पडतो, शेवटी युधिष्ठिर आणि एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो, युधिष्ठिर कुत्र्याला सोडून रथात चढायला नकार देतो, आणि कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. लहानपणी आपण ही गोष्ट 'बघा, कुत्रा किती इमानी असतो' अशा चालीवर ऐकलेली असते. मीही तशीच ऐकली होती. या वेळी सावकाश वाचली तर लक्षात आलं की त्या कुत्र्याने काहीच विशेष केलेलं नाही. हस्तिनापुरातून पाच भाऊ आणि द्रौपदी निघाले, सातवा हा मागून चालू लागला, आणि शेवटपर्यंत चालत राहिला. एवढंच. शोक नाही, पराक्रम नाही. जे काही करायचं होतं ते माणसाला करायचं होतं.

हे मला आत्ताच का दिसलं, ते सांगायचं तर आमच्या बिल्डिंगच्या मोतीबद्दल सांगावं लागेल.

नौपाड्यात आमची बिल्डिंग जुनी, तीन मजली. दुसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा परदेशात. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरखाली एक पिल्लू कुडकुडत बसलेलं काकांना सापडलं. तोच मोती. साधा गावठी, तपकिरी, एक कान कायम मुडपलेला. काका रोज संध्याकाळी साडेसहाला घंटाळी मंदिरात जायचे. गर्दीत मोतीला त्रास नको म्हणून त्याला गेटपाशी वॉचमनजवळ बसवायचे. दर्शन झालं की गोखले रोडवरून दुधाची पिशवी घ्यायची आणि सव्वासातला परत. नऊ वर्षं हा पाऊण तास मोतीने गेटवर वाट बघण्यात घालवलाय. त्याला ते कामच वाटत असणार.

पाच आठवड्यांपूर्वी पहाटे काकांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, मी आणि वॉचमनने मिळून त्यांना खाली आणलं. मोती ॲम्ब्युलन्सच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावला आणि परत येऊन गेटवर बसला. काका त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. तिथूनच जवाहरबागेत नेलं. म्हणजे मोतीने काकांना जाताना बघितलं, गेलेलं बघितलंच नाही.

तेव्हापासून तो गेटवर आहे. पहिले चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, पाणी तेवढं प्यायचा. काकांकडे काम करणाऱ्या मावशी त्याला दूधपोळी कुस्करून द्यायच्या, तो हुंगून मान वळवायचा. दिवसभर झोपून असतो, पण साडेसहा वाजले की उठतो, रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि दुधाची पिशवी घेऊन कोणीही म्हातारा माणूस आला की उभा राहतो. माणूस जवळ आल्यावर परत बसतो. मी हे ऑफिसमधून येताना बघायचो आणि लिफ्ट नसलेल्या आमच्या जिन्याने भराभर वर जायचो.

तेरावं झालं. काकांच्या मुलाची, म्हणजे दादाची, परत जायची तारीख जवळ आली. घर भाड्याने द्यायचं ठरलं. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की मोतीचं काहीतरी बघायला हवं, गेटवर लहान मुलं असतात, एखाद्या रविवारी गाडीत घालून येऊरला सोडून येऊ, तिथे जंगल आहे, मोकळा राहील. त्या मेसेजला अकरा अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

खोटं कशाला सांगू, मी तेव्हा रिलीजच्या कॉलवर होतो. मेसेज अर्धवट वाचला, 'मोतीचं बघायला हवं' एवढंच डोक्यात शिरलं आणि अंगठा दिला. पण मग रात्री पूर्ण वाचला तेव्हाही तो अंगठा मी काढला नाही. कोणीतरी प्रश्न सोडवतंय, याचं बरं वाटलं होतं.

येऊर आपल्याला माहीत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ती ठाण्याकडची बाजू. तिथे बिबटे आहेत आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. नऊ वर्षं दोन खोल्यांत आणि एका गेटवर राहिलेला कुत्रा तिथे किती दिवस 'मोकळा' राहील? शिवाय पाळलेल्या जनावराला उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अकरापैकी कोणाच्याच हे मनात आलं नाही, माझ्यासकट.

मग मी थोडं वाचलं, की हे जे मोती करतोय ते काय आहे. आपण लगेच म्हणतो 'दुःख करतोय'. शास्त्रज्ञ इथे जरा जपून बोलतात, आणि ते बरंच आहे. कुत्र्याला मृत्यू कळतो का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ओढ असते, हे नक्की. अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स नावाच्या संशोधकाने कुत्र्यांना जागेपणी, बांधून न ठेवता, एमआरआय मशीनमध्ये शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांना वेगवेगळे वास दिले. ओळखीच्या माणसाचा वास आला, तेव्हा मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सगळ्यात जास्त जागा झाला. माणूस समोर नव्हता, नुसता वास होता. 2022 मध्ये इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातल्या कुत्र्यांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेला कसा वागतो, हे 426 मालकांना विचारलं होतं. अनेकांनी सांगितलं की तो कमी खेळतो, कमी खातो, जास्त झोपतो, माणसाला जास्त चिकटतो. तो अभ्यास कुत्र्यामागे राहिलेल्या कुत्र्यांचा आहे, माणसामागे राहिलेल्यांचा नाही, आणि मालकांच्या सांगण्यावर उभा आहे. तरी मोतीकडे बघून मला ती यादी ओळखीची वाटली.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते सांगतो. जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा त्याच ठेवा. गेलेल्या माणसाचा एखादा न धुतलेला कपडा त्याच्या अंथरुणात राहू द्या. जबरदस्तीने ओढून नेऊ नका. आणि दोन दिवसांच्या वर खात नसेल तर 'दुःखात आहे' म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या, कारण म्हाताऱ्या कुत्र्याला त्याच वेळी दुसरा आजारही झालेला असू शकतो. मोतीला दाताचा संसर्ग निघाला. म्हणजे चार दिवसांच्या उपासात शोक किती आणि दाढ किती, हे मलाही सांगता येणार नाही!

काका लाडात आले की मोतीला 'आमचा वाघ्या' म्हणायचे. रायगडावरचा वाघ्या. बिल्डिंगमधल्या पोरांना त्यांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की पोरं मध्येच पुढचं वाक्य म्हणायची. 3 एप्रिल 1680 ला, चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी महाराज रायगडावर गेले. चितेला अग्नी दिल्यावर त्यांच्या लाडक्या कुत्र्याने ज्वाळांत उडी घेतली, अशी ही दंतकथा. जगदीश्वराच्या देवळापलीकडे महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर त्याचा पुतळा आहे, 1936 साली बसवलेला. राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचाही ही कथा लोकांच्या मनात ठसण्यात हात आहे. त्याच गडकऱ्यांच्या नावाचं रंगायतन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, तलावपाळीला. काकांना याचा उगाच अभिमान होता, जणू वाघ्या ठाण्याचाच.

आता ही गोष्ट इतिहास आहे का? शिवकाळातल्या कुठल्याही समकालीन कागदात या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगत आले आहेत. आपल्या भाषेत, याची कमिट हिस्टरी नाही. 2012 च्या ऑगस्टमध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा उखडला, प्रशासनाने तो परत बसवला. 2025 मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी केली तेव्हा पुन्हा वाद पेटला. पुतळ्यासाठी तुकोजीराव होळकरांनी मदत केली होती असं सांगितलं जातं, त्यामुळे त्या वादात धनगर समाजाच्या भावनाही गुंतल्या. मला त्यात पडायचं नाही. पुराव्याशिवाय गोष्टीला इतिहास म्हणू नये, असं मला वाटतं, आणि एवढ्यावर मी थांबतो.

पण दंतकथा म्हणून बघितली तरी एक गोष्ट मला हल्ली टोचते. वाघ्या आपल्याला आवडतो, कारण तो मालकाबरोबर संपला. त्याच्यामागे काही उरलं नाही. त्याला कोणी खायला घालायचं, कोणाच्या दारात झोपवायचं, दाढ कोणी दाखवून आणायची, हे प्रश्नच आले नाहीत. जो कुत्रा मालकामागे जिवंत राहतो त्याचं काय करायचं, ते मात्र आपल्याला सुचत नाही. अकरा अंगठे.

जपानच्या हाचिकोची गोष्ट तुम्ही सिनेमातून बघितली असेल. त्यातला एक तपशील बहुतेक वेळा गाळला जातो. टोकियोचे प्राध्यापक उएनो 21 मे 1925 ला कामावर असतानाच अचानक गेले. हाचिको जवळजवळ दहा वर्षं, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, 8 मार्च 1935 पर्यंत, शिबुया स्टेशनवर येत राहिला. पण पहिली काही वर्षं स्टेशनवरचे लोक त्याला हाकलायचे, मारायचे. 1932 मध्ये वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला आणि एकदम सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायला लागलं. 1934 मध्ये, तो जिवंत असतानाच, त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. कुत्रा तोच होता, जागा तीच होती, रोजची वेळ तीच होती.

आता परत ग्रंथाकडे येतो.

इंद्र रथ घेऊन आल्यावर युधिष्ठिर आधी भाऊ आणि द्रौपदी यांच्याबद्दल विचारतो. ते देह सोडून पुढे गेलेत, तू सदेह चल, असं इंद्र सांगतो. मग युधिष्ठिर म्हणतो, हा कुत्राही माझ्याबरोबर येईल. आणि इथे इंद्र जे मुद्दे मांडतो ते नीट वाचा, कारण ते मूर्खासारखे नाहीत. तो म्हणतो, कुत्रं बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. कुत्र्याची नजर पडली की दान, यज्ञ, हवन यांचं पुण्य क्रोधवश नावाचे राक्षस हिरावून नेतात. याला सोडण्यात काही क्रूरपणा नाही. आणि शेवटी खरा घाव: तू भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग या कुत्र्यालाच का धरून बसलास?

युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे. ते मेले होते. मेलेल्यांशी संधी करता येत नाही आणि विग्रहही करता येत नाही, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं म्हणून मी पुढे आलो. जिवंत असताना मी त्यांना सोडलेलं नाही. हा जिवंत आहे.

मला इथे ट्रेनमध्ये पुस्तक (म्हणजे फोन) मिटावं लागलं. काका गेले, त्यांच्यासाठी मी काही करू शकत नव्हतो. त्यांच्या दहाव्याला गेलो, फोटोला हार घातला, ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली, आणि चार ओळी चांगल्या जमल्या म्हणून मनात खूशही झालो. जिवंत होता तो गेटवर बसला होता.

इंद्राचा शुद्धतेचा मुद्दा तर थेट आमच्या घरात आला. मी आईला म्हणालो की मोतीला आपल्याकडे आणूया का. आईचं सोवळं कडक आहे, गौरी-गणपतीत आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. ती म्हणाली, "अरे, देवघर हॉलमध्ये आहे. नैवेद्यावर कुत्र्याची नजर पडलेली चालत नाही, आजी काय म्हणायच्या आठवतं ना?" मला हसू आलं, कारण तासाभरापूर्वी तेच मी इंद्राच्या तोंडून ऐकलं होतं. आईला तसं म्हणालो नाही. तिला मी सरमेची गोष्ट सांगितली.

तुम्हाला आठवत असेल, आदिपर्व वाचताना आपण ती पाहिली होती. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करत होता. देवांची कुत्री सरमा, तिचं पिल्लू तिथे आलं. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारून हाकललं. ते रडत आईकडे गेलं. आई म्हणाली, तू काहीतरी केलं असशील. पिल्लू म्हणालं, मी हविष्याकडे बघितलंही नाही, चाटलंही नाही. सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, माझ्या पोराने काही अपराध केला नव्हता, मग मारलंत का? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारं संकट येईल, आणि राजा तो शाप फेडायला पुरोहित शोधत फिरतो. म्हणजे नजर पडायच्या भीतीने विनाअपराध मारलेलं एक पिल्लू ग्रंथाच्या सुरुवातीला आहे, आणि नजर पडते म्हणून सोडून दे असं खुद्द इंद्र सांगत असतानाही न सोडलेला एक कुत्रा ग्रंथाच्या शेवटाजवळ आहे. मधल्या लाखभर श्लोकांत काय काय होऊन गेलं! व्यासांनी हे ठरवून केलं की नाही, मला माहीत नाही. मला तरी ते जोडून वाचल्याशिवाय राहवत नाही.

आईने ऐकून घेतलं आणि काही बोलली नाही. आमच्याकडे पितृपक्षात बाबांच्या तिथीला गाईचा घास, कावळ्याचं पान आणि कुत्र्याचंही पान काढतात. दरवर्षी ते कुत्र्याचं पान खाली जाऊन मोतीलाच घातलं जायचं. आई स्वतः घालायची. हे तिला मी आठवून दिलं नाही, तिचं तिलाच आठवलं असावं.

या पर्वातला एक शब्द मात्र तुम्ही मूळ संस्कृतात बघाच. युधिष्ठिर इंद्राला सांगतो की हा कुत्रा माझा 'भक्त' आहे. आपण जो शब्द ज्ञानोबा-तुकोबांसाठी वापरतो, तोच. आणि 'भक्तत्याग' हे तो ब्रह्महत्येच्या तोडीचं पाप म्हणतो. शरण आलेल्याला टाकणं, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचं धन लुबाडणं, मित्रद्रोह, या चारांच्या बरोबरीला भक्ताला टाकणं ठेवतो. आपण रोज भक्ताने देवाला कसं धरून राहावं, यावर बोलतो. ज्याला धरलंय त्याच्यावर काय बंधन येतं, हे इथे सांगितलंय. मोतीने काकांना धरलं होतं. काका नाहीत. मग ते बंधन हवेत विरतं का, की जो जवळ असेल त्याच्याकडे येतं? मी दोन दिवस याचं उत्तर टाळलं, हे कबूल करतो. दादाने फोनवर विचारलं होतं, "तू ठेवशील का रे? मी खर्च पाठवत जाईन." तो बोलता बोलता रडला. नऊ वर्षांचा कुत्रा विमानाने एवढ्या लांब न्यायची त्याला भीती वाटत होती, आणि ते खरंही आहे. मी म्हणालो, "दादा, बघतो." 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला कळतं.

कुत्र्याची उपमा आपल्या संतांना कमीपणाची वाटली नाही, हेही लक्षात घ्या. जेजुरीला खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, कोटंब्यातलं कुत्र्यासारखं खायचा विधी करतात. रायगडावरच्या कुत्र्याचं आणि त्यांचं नाव एकच आहे. कबीरांनी स्वतःला रामाचा कुत्रा म्हणवून घेतलं आणि त्या कुत्र्याचं नावही सांगितलं, तेही मोतीच्याच जवळचं आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, ते चार वेद, असं आपण मानतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात पंडिताने समान नजरेने बघायच्या यादीत ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याबरोबर कुत्रा आहे. आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर लहानपणापासून आपल्याबरोबर आहेत. इतकं सगळं असून माझा अंगठा गेला तो गेलाच.

या कथेत धर्म प्रकट झाल्यावर युधिष्ठिराला द्वैतवनातल्या परीक्षेची आठवण करून देतो. तिथे यक्षाच्या रूपात प्रश्न विचारणाराही धर्मच होता. श्रेष्ठ धर्म कोणता, या प्रश्नाला युधिष्ठिराने 'आनृशंस्य' असं उत्तर दिलं होतं. मराठीत याला नेमका शब्द नाही. निष्ठुर न होणं, काळीज दगडाचं होऊ न देणं. तोच शब्द इंद्रासमोरच्या या प्रसंगातही येतो. तळ्याकाठी ते तोंडी उत्तर होतं, इथे प्रात्यक्षिक. इंजिनिअरिंगला आम्हाला तोंडीत पैकीच्या पैकी मिळायचे आणि प्रात्यक्षिकाला दांडी व्हायची, तसं माझं झालंय.

असो. आज काय झालं ते सांगतो.

सकाळी मी ग्रुपवर लिहिलं की मोती आमच्याकडे राहील, येऊरचं रद्द करा. तीन-चार जणांनी हात जोडले, एकाने लिफ्ट नाही तर रात्री खाली कोण नेणार वगैरे विचारलं. बाकीचे गप्प. अंगठे नाही आले. संध्याकाळी मी लवकर निघालो, सहा पन्नासला गेटवर पोचलो. मोती रस्त्याकडे तोंड करून बसलेला. त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. सव्वासात झाले, आठ झाले. मी "चल मोती" म्हणालो, तो माझ्याकडे बघून परत रस्त्याकडे बघायला लागला. ओढायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून बसून राहिलो. नऊला वॉचमन म्हणाला, "साहेब, तुम्ही जा वर, मी बघतो याला." मी म्हटलं, राहू दे.

साडेदहाला आई खाली आली. गुडघे दुखतात म्हणून ती रात्री कधी उतरत नाही. हातात काकांचा राखाडी स्वेटर होता, दादाने जाताना किल्ली आमच्याकडे ठेवली होती, तिने कपाटातून काढून आणला. मला वासाचं वगैरे तिला सांगितल्याचं आठवत नाही. तिने तो मोतीच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "चल बाळा, काका नाही यायचे आता." मोतीने स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. बराच वेळ. मग ती जिना चढायला लागली आणि तो तिच्या मागे, एकेक पायरी, मध्ये दोनदा थांबून खाली बघत. दुसऱ्या मजल्यावर काकांच्या बंद दाराशी बसला. आईही पायरीवर बसली. तिथे दहा-बारा मिनिटं गेली.

आत्ता तो आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या रॅकजवळ स्वेटरवर झोपलाय. देवघरापुढे आईने जुनी साडी दुहेरी करून पडद्यासारखी लावली आहे, म्हणजे तिचंही राहिलं आणि त्याचंही. दूधभाताची थाळी अर्धी खाल्लीय. उद्या साडेसहाला तो परत गेटवर जायला बघणार, हे मला दिसतंय. जाऊ दे. मीही जाईन.

उद्याचं वाचन स्वर्गारोहण पर्व, पाच अध्याय. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर तिथे समोर दुर्योधन बसलेला आणि भावांचा पत्ता नाही. मग तो त्यांना शोधत नरकात जातो आणि तिथेच थांबायचं म्हणतो. आजच्या पर्वाच्या लगेच पुढे वाचा. पोस्ट सकाळच्या वेळेवर येईल असं धरून चालू नका, मोतीला साडेपाचला खाली न्यायचंय.

राम कृष्ण हरी.